सॅम्पलच्या पोत्यात गूळ निघाला, अशा वेळी हसणं शिकता येतं का?

शिरोलीकर
मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. संक्रांतीच्या आठवड्यात साहेबांबरोबर पहिल्यांदाच पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीकडे गेलो, पुण्याजवळ भोसरीला. पंप बॉडीचं पहिलं सॅम्पल, नऊ किलोचं, पिवळ्या पोत्यात शिवून रात्रीच्या बसच्या डिकीत टाकलं होतं. पहाटे स्वारगेटला डिकीत एकच पिवळं पोतं उरलेलं. वजन तेवढंच वाटलं, उचललं.

अकरा वाजता परचेस मॅनेजरच्या टेबलावर शिवण उसवली, तर आत गुळाची ढेप. माझे हातपाय गार पडले. पॅटर्नपासून (साच्याचा नमुना) कोअरपर्यंत (आतल्या पोकळीचा गाभा) दोन महिने या कामात घातलेत, म्हणून जास्तच लागलं. साहेब मात्र मनापासून हसले. "संक्रांत आहे, आधी तोंड गोड करा. लोखंड संध्याकाळपर्यंत येतंय," म्हणाले आणि तिथूनच प्लँटला फोन लावून दुसरा पीस गाडीनं मागवला. मॅनेजरही हसला, चहा आला. इन्स्पेक्शन रिपोर्ट माझ्या बॅगेत होता, तो त्यांनी निवांत वाचला.

मला त्या वेळी एक शब्द फुटला नाही. हे शिकता येतं का? फिरतीवरच्या जाणत्यांनी सांगा.

उद्यमनगरचा फिरस्ता
भावा, साहेब काय बोलले त्यापेक्षा काय केलं ते बघ. लपवालपवी नाही, वेळ सांगितली, फोन लावला. समोरच्याला कळलं, माणूस पळणारा नव्हं. मग हसायला जागा होते.

ऑगस्ट २०१९ ला राजकोटची पार्टी आमच्याकडं मशीन बघायला आलेली. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, जायची वाटच बंद. लॉजवर प्यायला पाणी नाही, म्हणून शेठना घरी आणलं. आई रोज भाकरी, झुणका, ठेचा करायची. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः परातीपुढं बसले. भाकरी तव्यावर जाईपर्यंत तीनदा मोडली, आणि सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. पुराच्या धसक्यात आमचं घर त्या दिवशी पहिल्यांदा हसलं. पाणी उतरल्यावर निघताना ते आईच्या पाया पडले. ऑर्डर पुढं आली, पण त्या दिवसांत मशीनचं नाव कुणी काढलं नव्हतं.

इचलकरंजीची ताई
माझं थोडं वेगळं आहे. मी कापडाचे नमुने घेऊन एकटी फिरते. एकदा परगावी रात्री अकराला लॉजवाला म्हणाला, बुकिंगच नाही. अशा वेळी हसणं सुचत नाही, सुचायलाही नको. आधी सुरक्षित जागा, मग घरी फोन. स्टेशनच्या महिला वेटिंग रूममध्ये नमुन्यांची बॅग उशाला घेऊन रात्र काढली. सकाळी व्यापाऱ्यापुढं ठाण उलगडलं आणि सांगितलं, "रात्रभर उशाला घेतलंय, एक सुरकुती दाखवा." हसू तेव्हा आलं, आठ तासांनी.

आणि हसायचं ते घडलेल्या गोष्टीवर. हमाल, ड्रायव्हर, नवा पोरगा यांच्यावर हसलं की ते त्यांना जन्मभर लागतं. तुझ्या साहेबांनी चारचौघांत तुझ्याकडं बोट दाखवलं नाही, हे मला फार आवडलं. पुढच्या वेळी मात्र पोत्याला नाव-नंबराची कापडी चिठ्ठी शिव.

मार्केट यार्ड
ते सगळं खरं, पण ढेप कुणाची होती? त्या घरची संक्रांत अडली असंल की.

शिरोलीकर
ताई, बाहेर चिठ्ठी नव्हती, पण सॅम्पलला टॅग होता, त्यावर कंपनीचा फोन. दुपारी गूळवाल्या काकांचाच फोन आला. हडपसरला लेकीकडं निघाले होते. संध्याकाळी दुसरा पीस पोचवून साहेब आणि मी ढेप घेऊन तिकडं गेलो. काकांनी जाऊच दिलं नाही, आमटी-भात खायला लावला, निघताना ढेप फोडून दोघांना गूळ बांधून दिला. जेवताना त्यांनी सांगितलं, घरी पोतं उघडल्यावर जावई बराच वेळ आत बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हा गूळ विळ्यानं फुटायचा नाही." तेव्हा हसलो मी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.