मदत हवी आहे: बाबांचं सीएमएल, कायनेज आणि संत्र्याची पेटी

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. बाबांना (वय ६१) ऑगस्टात सीएमएल निघालं, रक्ताचा हळू वाढणारा कॅन्सर. इमॅटिनिब ४०० ची रोज एक गोळी. बीसीआर-एबीएल (रक्तात हा आजार किती उरलाय ते दाखवणारा आकडा) तीन महिन्यांनी १४ टक्के होतं, सहा महिन्यांनी ६. उतरलंय, पण एव्हाना १ च्या आत हवं होतं.

मला कळलंय ते असं. कायनेज हे पेशीतल्या एन्झाइम्सचं मोठं खानदान, माणसात पाचशेच्या वर. एटीपीचा (पेशीच्या इंधनाचा) फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवायचा, की बरीच प्रथिनं कामाला लागतात. काम झालं की थांबायलाही हवं. बाबांच्या ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून तयार झालेलं कायनेज, म्हणजे हेच बीसीआर-एबीएल, थांबतच नाही. गोळी त्याच्या एटीपीच्या खाचेत जाऊन बसते. चुकत असेन तर सांगा.

डॉक्टरांनी आधी विचारलं, गोळ्या चुकल्या का? बाबा ठाम "नाही". घरी येऊन मी पाकिटं मोजली तर ११ गोळ्या उरलेल्या! सकाळी नुसत्या चहावर घ्यायचे, मळमळायचं, मग एखाद्या दिवशी गुपचूप राहू द्यायचे. आईलाही पत्ता नाही.

डॉक्टर म्युटेशन टेस्ट (त्या कायनेजमध्ये आणखी काही बदल झालाय का ते बघायची) म्हणतायत. लगेच करावी, की आधी तीन महिने गोळ्या नीट घेऊन बघावं?

दुसरं, काटोलहून मामांनी मृग बहाराच्या संत्र्यांची पेटी पाठवलीय आणि गोळीच्या कागदावर ग्रेपफ्रूट वर्ज्य लिहिलंय. बाबा रुसलेत, "काऊन रे, आता संत्रंबी बंद का?"

प्रतिसाद: माझी बायको नऊ वर्षं याच गोळीवर आहे. आधी ११ गोळ्यांचं डॉक्टरांना सांगा, नाहीतर ते रिपोर्टचा भलताच अर्थ लावतील. टेस्टचं त्यांनाच ठरवू द्या, पण टाळू नका. त्यात कायनेजमधला टी३१५आय नावाचा बदल निघाला तर इमॅटिनिब खाचेत बसतच नाही, मग कितीही नेमाने घ्या. पोनाटिनिबसारखं दुसरं औषध लागतं. गोळी जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. आमच्याकडे रात्रीच्या वरणभातावर असते.

ग्रेपफ्रूट आणि पपनस आतड्यातलं सीवायपी३ए४ हे औषध मोडणारं एन्झाइम अडवतात, त्यामुळे रक्तात औषध वाढू शकतं. आपलं संत्रं त्यातलं नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ता: आभार. सोमवारची वेळ घेतलीय. उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून सोबत नेतोय, बाबांनाही.