यूएसबी लॅन ॲडॅप्टर वारंवार तुटत असेल, तर ड्रायव्हर बदलण्याआधी वीज मोजावी

कलमबाग (गुहागर)

गुहागरजवळच्या आमच्या चार खोल्यांच्या होमस्टेमध्ये पाहुण्यांचे इंटरनेट रास्पबेरी पाय ३ बी या छोट्या संगणकाच्या बोर्डावरून जाते. फायबर मोडेमची वायर बोर्डाच्या स्वतःच्या लॅन पोर्टमध्ये येते आणि खोल्यांकडे जाणारी वायर एका यूएसबी लॅन ॲडॅप्टरमधून (यूएसबीत खोचायची, जादा लॅन पोर्ट देणारी डबी) निघते. ॲडॅप्टरमध्ये आरटीएल ८१५३ ही नेहमीची चिप आहे. मृगाचा पाऊस लागल्यापासून हा ॲडॅप्टर रात्रीतून दोन-तीनदा नाहीसा होऊ लागला. 'नाहीसा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे, कारण इंटरनेट मंदावत नसे. जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीतूनच तो गायब होई आणि कर्नलच्या, म्हणजे बोर्डावरच्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर' (उपकरणाने दिलेली स्वतःची ओळख) वाचता न आल्याची, उणे ७१ क्रमांकाची त्रुटी एकाखाली एक उमटत जाई.

पंधरा दिवस मी ड्रायव्हरच्या, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे होतो. कर्नल अद्ययावत केला, चिपचा ड्रायव्हर मूळ संकेतावरून (सोर्स कोडवरून) स्वतः कंपाइल करून बसवला, आणि जिथे तिथे सुचवली जाते ती यूएसबीची स्वयंनिद्रा (वापर नसताना उपकरण आपोआप झोपवणे) बंद करणारी ओळही बूटच्या फाइलमध्ये घातली. फरक काहीही पडला नाही. शेवटी बोर्डाला पुरेसे व्होल्टेज मिळते का ते सांगणारी 'गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा चालवली, तेव्हा उत्तर ५०००५ असे आले. यातील उजवीकडचा ५ सांगतो की या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि प्रोसेसरचा वेग त्यामुळे उतरवलेला आहे. डावीकडचा ५ सांगतो की बोर्ड चालू झाल्यापासून असे आधीही घडून गेले आहे.

मग हिशेब मांडला. बोर्डाला मोबाइलचा जुना चार्जर आणि त्याचीच मीटरभर लांबीची बारीक वायर होती. अशा वायरीत बहुधा २८ गेजची तार असते आणि तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. जाण्यायेण्याच्या दोन तारा धरल्या, तर एक अँपिअरला ०.४३ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. चार्जर प्रामाणिकपणे ५ व्होल्ट देत असला, तरी बोर्डापर्यंत ४.५७ पोहोचतात, आणि हा बोर्ड ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कमी दाबाची तक्रार करतो. या बोर्डासाठी ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे तो उगाच नव्हे, वरचा ०.१ व्होल्ट वायरीसाठीच असतो. मी तसा जाड वायरीचा पुरवठा आणला, ॲडॅप्टरला लावलेली यूएसबीची एक्स्टेन्शन वायर काढून तो थेट बोर्डात खोचला, आणि गेल्या दोन रात्री तो एकदाही तुटलेला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपण लिनक्सवाले दोष शोधताना कळफलकाजवळ जे असते तेथून सुरुवात करतो, आणि वायर व चार्जर यांच्याकडे सर्वांत शेवटी वळतो. हा क्रम उलटा असायला हवा, निदान आपल्या किनाऱ्यावर तरी, जिथे पावसाळ्यात विजेचा दाब दिवसातून चार वेळा रूप बदलतो.

आज्ञावली (रत्नागिरी)

शीर्षकाशी मी असहमत आहे. एका घरातल्या एका चार्जरवरून नियम बनवता येत नाही. शिवाय आपण दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत. पुरवठाही नवा आणला आणि एक्स्टेन्शनही काढली. मग गुण कोणाला आला, हे आपण कशावरून ठरवता? आणि दोन रात्रींचा अनुभव हा पुरावा म्हणावा, तर त्या दोन रात्री पावसाने उघडीप दिली होती, हे रत्नागिरीत बसून मलाही ठाऊक आहे.

आधी वीज की आधी ड्रायव्हर, हा वादच मला चुकीचा वाटतो. आधी नोंदी वाचाव्यात. ॲडॅप्टर उपकरणांच्या यादीतूनच गेला असेल, तर बहुतेक वेळा वीज, वायर किंवा पोर्ट यांत बिघाड असतो, हे मान्य. परंतु तो यादीत दिसतो आणि तरीही नेटवर्कचा इंटरफेस (लिनक्स नेटवर्कसाठी वापरते ती जोडणी) तयार होत नाही, अशा तक्रारी माझ्याकडे कितीतरी अधिक येतात, आणि तिथे व्होल्टमीटर लावून बसणारा माणूस दिवस वाया घालवतो. काही वायफाय ॲडॅप्टर जोडल्याबरोबर स्वतःला विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी म्हणून सादर करतात. रिअलटेकच्या अशा उपकरणाचा क्रमांक यादीत १ए२बी असा दिसतो, आणि 'यूएसबी मोडस्विच' या साधनाने त्याला जागे केल्याशिवाय तो नेटवर्क कार्ड होतच नाही. आपल्याच ८१५३ चिपला कधीकधी तिच्या स्वतःच्या आर८१५२ ड्रायव्हरऐवजी सीडीसी-ईथर हा सर्वसाधारण ड्रायव्हर चिकटतो. इंटरफेस उभा राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. उपकरणांची यादी वृक्षाच्या रूपात मागवली की कोणता ड्रायव्हर बसला आहे, ते एका ओळीत कळते.

इंटरफेस आहे पण नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता मिळत नाही, हा तिसराच प्रकार. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजर या सेवेकडे गेला आहे, तरीही लोक जुने लेख वाचून डीएचसीपीसीडी या आधीच्या सेवेच्या फाइलमध्ये ओळी लिहितात आणि त्या ओळी कोणीच वाचत नसते.

स्वयंनिद्रेच्या त्या प्रसिद्ध ओळीबद्दलही सांगतो. लिनक्स कर्नल स्वयंनिद्रा आपणहून फक्त यूएसबी हबसाठी चालू ठेवतो. इतर उपकरणांसाठी ती मुळातच बंद असते, आणि वीज वाचवणाऱ्या एखाद्या साधनाने किंवा त्या उपकरणाच्या ड्रायव्हरने चालू केली तरच चालू होते. उपकरणाच्या 'पॉवर कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑन' (म्हणजे उपकरण सतत जागे) लिहिलेले असेल, तर ती ओळ घालणे म्हणजे कुलूप लावलेल्या दाराला पुन्हा कडी घालणे आहे. आणि स्वतः कंपाइल केलेला ड्रायव्हर कृपया काढून टाका. आर८१५२ हा २०१३ पासून कर्नलमध्येच आहे. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नलबरोबर मोडला, तर आपण पुन्हा चार्जरला दोष द्याल.

कलमबाग (गुहागर)

दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, हा आक्षेप मान्य आहे आणि त्याची मला लाजही वाटते. पण नोंदी आधी वाचाव्यात हे मी नाकारलेले नाही. माझ्या नोंदी पहिल्या रात्रीपासून यादीतून गायब होण्याविषयीच बोलत होत्या, आणि तरीही मी ड्रायव्हरकडे गेलो. आपल्या कसोटीनेसुद्धा माझ्यासारख्याने आधी वीज मोजायला हवी होती. पुरवठा नवा ठेवून एक्स्टेन्शन पुन्हा लावतो आणि काय होते ते येथे कळवतो.

खारा वारा (मालवण)

मी मालवणात इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे दुकान चालवते. आपण दोघेही तारेच्या रोधाविषयी आणि ड्रायव्हरविषयी बोलत आहात, पण जोडाच्या तोंडाकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. किनाऱ्यावरच्या घरात यूएसबी जोडातल्या धातूच्या पट्ट्यांवर मिठाचा अदृश्य थर बसलेलाच असतो. उन्हाळ्यात तो कोरडा म्हणून निरुपद्रवी राहतो, पावसाळ्यात त्याचे खारे पाणी होते आणि स्वस्त जोडावरच्या सोन्याच्या विरळ मुलाम्यातून खालच्या धातूला खाऊ लागते. माझ्याकडे जून-जुलैत येणाऱ्या 'मृत' ॲडॅप्टरांपैकी पुष्कळसे केवळ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश यांनी जिवंत होतात. ग्राहकाला त्याचे पैसे सांगताना मलाच संकोच वाटतो.

'गेट थ्रॉटल्ड'वर फार विसंबू नये, हेही सांगते. ते बोर्डात शिरणाऱ्या ५ व्होल्टवर लक्ष ठेवते. पोर्टच्या पलीकडे, एक्स्टेन्शनच्या दुसऱ्या टोकाला काय उरले आहे, ते त्याला दिसत नाही.

दोन पोर्ट (चिपळूण)

मुळात हे काम यूएसबीवर का करावे? पाय ३ बी मध्ये 'स्वतःचा' म्हटला जाणारा लॅन पोर्टसुद्धा आतून यूएसबीवरच टांगलेला आहे. हब आणि लॅन एकाच चिपमध्ये आहेत, वेग १०० मेगाबिटच्या पुढे जात नाही, आणि चारही पोर्ट व लॅन मिळून यूएसबी २.० ची ४८० मेगाबिटची एकच वाट वाटून घेतात. म्हणजे आपण एका यूएसबी उपकरणाची रहदारी दुसऱ्या यूएसबी उपकरणात ढकलत आहात. व्हीलॅन समजणारा लहानसा स्विच घ्या, एकाच वायरीवर दोन्ही जाळी वेगळ्या खुणेने चालवा, आणि ॲडॅप्टर कपाटात ठेवा. किंवा पाय ४ घ्या. त्याचे गिगाबिट लॅन तरी यूएसबीवर अवलंबून नाही.

कलमबाग (गुहागर)

तांत्रिकदृष्ट्या आपले बरोबर आहे, परंतु मी आठवड्यातले चार दिवस घरी नसतो. तेव्हा आईला फोनवर 'ती काळी डबी काढून पुन्हा खोच' एवढे सांगता येते. व्हीलॅनच्या स्विचवर वायर चुकून शेजारच्या पोर्टमध्ये गेली, तर ते तिला मी कोणत्या शब्दांत समजावू?

आज्ञावली (रत्नागिरी)

आईंचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. व्हीलॅनची मांडणी सुबक असते, पण जो माणूस ती दुरुस्त करू शकतो तो घरात हवा. कलमबाग, चाचणी करताना जर्नलच्या (लिनक्सच्या नोंदवहीच्या) नोंदी मेमरी कार्डावर कायम साठवण्याची सोय चालू ठेवा, नाहीतर लाइट गेली की पुरावाही जाईल.

कलमबाग (गुहागर), आठ दिवसांनंतर

नवा पुरवठा तसाच ठेवून जुनी एक्स्टेन्शन लावली. पाऊस भरपूर होता. तिसऱ्या रात्री ॲडॅप्टर यादीतून गेला, त्रुटी तीच उणे ७१ ची, आणि 'गेट थ्रॉटल्ड'चे उत्तर मात्र शून्य. यूएसबीत खोचायचा छोटा मीटर आणून मोजले, तेव्हा बोर्डाच्या पोर्टवर ४.९७ व्होल्ट होते आणि एक्स्टेन्शनच्या पलीकडे, ॲडॅप्टर सुमारे ०.२ अँपिअर ओढत असताना, ४.५२. म्हणजे त्या हातभर वायरीत आणि तिच्या दोन जोडांत मिळून दोन ओहमहून अधिक रोध होता. प्लग उजेडात धरला, तर पट्ट्यांच्या कडांना हिरवट थर स्पष्ट दिसत होता. खारा वारा ताईंचे निदान त्या वायरीपुरते तंतोतंत खरे ठरले.

एक्स्टेन्शन फेकून दिल्यानंतरच्या पाच रात्रींत यादीतून गायब होणे पूर्ण थांबले. एकदा मात्र ॲडॅप्टर यादीत असूनही खोल्यांचे इंटरनेट थांबले, आणि नोंदींमध्ये आर८१५२ च्या पाठवणीची रांग अडकल्याचा वॉचडॉगचा (अडकलेले काम हेरणाऱ्या पहारेकऱ्याचा) इशारा मिळाला. मागे जाऊन पाहिले, तर बूटच्या वेळी चिपच्या फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल न सापडल्याची ओळही होती. ती पहिल्या दिवसापासून तिथे होती आणि मी ती वाचलीच नव्हती. एवढा भाग आज्ञावलींचा. शीर्षक मी बदलणार नाही, फक्त 'वीज मोजावी' याच्या पुढे 'ॲडॅप्टरच्या टोकाला' असे दोन शब्द वाढवतो. फर्मवेअरचे पॅकेज आज रात्री बसवतो, कारण शनिवारी पाहुणे आहेत.