पिकअपच्या मीटरचा डिस्प्ले मधेच गायब होतो, घरी दुरुस्त होईल का?

प्रश्न: किलोमीटर आणि गिअर दाखवणारा डिस्प्ले सकाळी थंडीत बंद असतो, गाडी तापली की येतो, डॅशवर थाप मारली तरी येतो. काटे मात्र बरोबर चालतात. अख्खं मीटर बदलायचं का?

उत्तर १: बदलू नका! थाप मारून येतोय म्हणजे बहुतेक सोल्डरला (पिना बोर्डला जोडणाऱ्या धातूच्या डाकाला) तडा गेलाय, तापमानाने बोर्ड फुगतो आकसतो आणि कनेक्टरच्या पिना सैल होतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, थोडा वेळ थांबा, मग मीटर बाहेर काढा. डिस्प्लेच्या आणि मागच्या कनेक्टरच्या पिनांना फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावून नवीन सोल्डर द्या, सोल्डरिंग आयर्न ३५० डिग्रीच्या आसपास ठेवा आणि एका पिनेवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची पट्टी) उचलला जातो. काटे शक्यतो काढूच नका, परत बरोबर जागी बसवणं फार किचकट.

उत्तर २: त्याआधी फ्यूज आणि अर्थिंग बघा ना, पाच मिनिटांचं काम.

उत्तर ३: आणि दुसऱ्या गाडीचं जुनं मीटर घालायचा विचार असेल तर बऱ्याच गाड्यांत किलोमीटर मीटरच्याच चिपमध्ये असतात, आकडा बदलेल. म्हणून मूळ बोर्डच वाचवा.