संगणकाच्या भागांची नावे: 'सीपीयू', 'पिन', 'खोबण' आणि 'बघा'

प्रश्न

नाशिकमध्ये संगणकाची प्राथमिक ओळख करून देणाऱ्या एका वर्गासाठी मी मराठी टिपण तयार करीत आहे. वर्गात साठीच्या पुढचे नागरिक आहेत, तसेच काही अंध आणि अल्पदृष्टी असलेले विद्यार्थीही आहेत. अडचण पहिल्याच शब्दापासून सुरू होते, कारण आपल्याकडे 'हार्डवेअरचे दुकान' म्हटले की खिळे, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्या आठवतात. त्याऐवजी 'यंत्रसामग्री' लिहावे का? 'कीबोर्ड'साठी 'कळफलक', 'माऊस'साठी 'मूषक', 'पोर्ट'साठी 'खोबण' असे सर्वत्र मराठी करावे, की रूढ शब्दच ठेवावेत? शिवाय अंध विद्यार्थ्यांसाठी लिहिताना 'पाहा', 'बघा' ही क्रियापदे टाळावीत का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, नावे रूढच ठेवावीत आणि वर्णन मात्र अस्सल मराठीत करावे, असे माझे मत आहे. नवशिक्याला हे शब्द वर्गाबाहेर दोन ठिकाणी ऐकावे लागतात. एक म्हणजे महात्मा गांधी रस्त्यावरचा दुकानदार, ज्याच्याकडे 'मूषक' मागितला तर तो हसेल, आणि दुसरा म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये 'इन्सर्ट' आणि '१' ही बटणे एकत्र दाबली की सरावाची सोय सुरू होते आणि त्यानंतर जे बटण दाबावे त्याचे नाव बोलले जाते. इंग्रजी आवाज निवडलेला असेल तर 'कंट्रोल', 'शिफ्ट', 'बॅकस्पेस' हेच शब्द कानावर पडणार. टिपणात वेगळे शब्द असतील तर विद्यार्थ्याला एकाच वस्तूची दोन नावे पाठ करावी लागतील. 'हार्डवेअर' हाही शब्द ठेवावा आणि 'संगणकाचे जे भाग हाताला लागतात ते हार्डवेअर' असे एका वाक्यात सांगून पुढे जावे. अंध विद्यार्थ्यासाठी याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती रूढ शब्दच फसवे असतात तेव्हा. आपण सर्रास 'सीपीयू दुरुस्तीला टाकला' म्हणतो, तेव्हा आपल्या मनात तो अख्खा उभा डबा असतो. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या डब्यातल्या मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर बसवलेला, तळहातावर सहज मावणारा प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारा भाग. डेस्कटॉपमध्ये सहसा त्याच्या डोक्यावर पंखा असतो. डब्याला 'कॅबिनेट' म्हणावे आणि दुकानात यालाच सीपीयू म्हणतात, ही सूचना सोबत द्यावी. 'मेमरी'चेही तसेच आहे. मोबाइलची 'मेमरी फुल झाली' याचा अर्थ फोटो आणि चित्रफिती साठवायची जागा संपली, असा असतो. परंतु ८ जीबी रॅम ही काम चालू असताना लागणारी वेगळी, तात्पुरती मेमरी असून वीज गेली की ती रिकामी होते. पहिलीला 'साठवण' आणि दुसरीला 'रॅम' म्हटले, तर '८ जीबी आणि ५१२ जीबी' असे दोन आकडे ऐकून विद्यार्थी गोंधळणार नाही.

'पिन' हा तर सर्वांत चलाख शब्द. 'हेडफोनची पिन', 'सी टाइप पिन' म्हणताना आपण वायरीचे अख्खे टोक सांगत असतो, व्हीजीए या पडदा जोडायच्या वायरीच्या टोकाच्या आतल्या १५ काड्याही पिनाच असतात आणि संगणक सुरू करताना जो आकडी संकेत मागितला जातो तोही पिनच. डोळस विद्यार्थी समोर काय चालले आहे ते पाहून अर्थ लावतो; अंध विद्यार्थ्याला 'आता पिन टाका' एवढेच ऐकू आले तर त्याने वायर शोधावी की आकडे टाइप करावेत? टिपणात 'वायरीचे टोक' आणि 'पिन क्रमांक' असे स्वतंत्र शब्द हवेत.

आता वर्णनाकडे येतो, कारण मराठीची श्रीमंती तिथे आहे. अनेक डेस्कटॉपच्या मागे ध्वनीची भोके रंगाने ओळखायची सोय असते, म्हणजे हेडफोनसाठी हिरवे आणि मायक्रोफोनसाठी गुलाबी. ज्याला रंग दिसत नाही त्याच्यासाठी हे वाक्य वाया गेले. त्याच्यासाठी असे लिहिता येईल: यूएसबीची खोबण चपट्या आयतासारखी असते आणि तिच्या आत एका बाजूला पट्टी असल्यामुळे टोक एकाच बाजूने बसते. पडदा किंवा टीव्ही जोडायच्या एचडीएमआयची खोबणही आयतच, पण तिच्या एका लांब कडेचे दोन्ही कोपरे तिरपे कापलेले असतात. व्हीजीएच्या टोकाला दोन्ही अंगांना बोटाने फिरवायचे स्क्रू असतात. इंटरनेटच्या वायरीच्या टोकाला प्लॅस्टिकची लवचिक जीभ असते आणि नीट बसले की ती 'टक्' असा आवाज करते. टाइप सी लंबगोल असून कशीही बसते.

इथे 'खाच' आणि 'खोबण' यांतला फरक सांभाळावा. खाच ही कापलेली किंवा कोरलेली खूण असते. खोबणीत दुसरी वस्तू जाऊन बसते. म्हणून पोर्टचे वर्णन करताना 'खोबण' योग्य आहे, मात्र नाव 'पोर्ट'च राहू द्यावे. (भाषांतराच्या यंत्राने 'पोर्ट'चे 'बंदर' केलेलेही वाचण्यात आले आहे, त्या बंदरात कोणते जहाज लागायचे ते त्या यंत्रालाच ठाऊक.)

आणखी एक प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे. 'कळ' विरुद्ध 'बटण' याबाबत थोडे लिहितो. 'कळफलक' टंकलेखन शिकलेल्यांना परका नाही, परंतु नुसते 'कळ' म्हटले की पोटातली कळ आणि 'कळ काढणे' आधी आठवते, म्हणून सूचनांमध्ये 'बटण' बरे. एफ आणि जे या बटणांवर बारीक उठावाची आडवी रेघ असते, तिला 'खूण' न म्हणता 'उंचवटा' म्हणावे, कारण खूण दिसणारीही असू शकते. नाशिकरोडच्या मुद्रणालयात ज्या नोटा छापल्या जातात, त्यांतील नव्या मालिकेच्या शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ अशी उठावाची खूण असते, ती अनेक अंध विद्यार्थ्यांच्या परिचयाची असेल. बटणावरचा उंचवटा समजावताना तिचा आधार घेता येईल. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कीबोर्ड-मांडणीने मराठी टाइप करताना याच दोन उंचवट्यांखाली ऱ्हस्व वेलांटी आणि 'र' येतात, हे टिपणात अवश्य घालावे. उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांमध्येही पाचावर उंचवटा असतो, मात्र तिथे ७-८-९ ची ओळ बोटांपासून लांब असते. बटणांच्या जुन्या मोबाइलवर हा क्रम नेमका उलटा होता, त्यामुळे त्याची सवय असलेल्यांकडून सुरुवातीला चुकीचे आकडे दाबले जातात.

'बघा' टाळण्याचे कारण नाही. मराठीत आपण 'चव घेऊन बघतो', 'विचारून बघतो', 'करून बघतो'. तिथे डोळ्यांचा संबंधच नसतो. 'हात फिरवून बघा' हे वाक्य अंध विद्यार्थ्याला खटकणार नाही. उलट ते टाळण्यासाठी 'स्पर्शाने अनुभूती घ्या' असे लिहिले तर सगळ्यांनाच खटकेल. टाळायचे आहे ते 'इथे', 'हे', 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे'.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'अंध' आणि 'अल्पदृष्टी' असे दोन्ही शब्द ठेवले आहेत, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ते वेगळे आहेत आणि वर्गातही गरजा वेगळ्या पडतात: एकाला विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून नॅरेटर हा विंडोजमधलाच स्क्रीन रीडर सुरू करायचा असतो, तर दुसऱ्याला विंडोज आणि अधिक (+) चिन्हाचे बटण दाबून अक्षरे मोठी करायची असतात. एक परिच्छेद नव्याने लिहिला आहे, तो तपासून द्यावा:

'कीबोर्ड समोर ठेवा. सर्वांत खालच्या ओळीत मधोमध एक लांब बटण हाताला लागेल, ते स्पेसबार. सर्वांत वरच्या ओळीत डाव्या टोकाला सहसा एस्केप असते.'

प्रतिसाद

परिच्छेद चांगला आहे, पण 'वरची' आणि 'खालची' ओळ हे कागदावरच्या चित्राचे शब्द आहेत. टेबलावर आडव्या ठेवलेल्या कीबोर्डवर ज्याचा हात फिरतो आहे, तो 'खालची' ऐकून कीबोर्डच्या तळाशी बोटे घालू शकतो. स्पेसबार 'तुमच्या अंगाकडच्या, सर्वांत अलीकडच्या ओळीत' आणि एस्केप 'सर्वांत पलीकडच्या ओळीत' असे करावे. कॅबिनेट उभे असते, त्यामुळे त्याच्या वर्णनात वर आणि खाली तसेच राहू द्यावे.