‘आभा’ काढलं की विषमता दिसणार म्हणे!

सीमाभागी: काल इथं एकानं ठोकून दिलं, ‘सगळ्यांनी आभा हा सरकारी आरोग्य-ओळख नंबर काढा, देशभरची आरोग्याची माहिती एका जागी आली की गरीब-श्रीमंतातली दरी आपोआप दिसेल.’ आपोआप? तो १४ आकडी नंबर काढताना नाव, जन्मतारीख, पत्ता घेतात. जात, शिक्षण, मिळकत कोण विचारतंय? आमची मामी निपाणीत विड्या वळते. खोकला वाढला की गावचा डॉक्टर, मग मिरज, मग बेळगाव. साडीच्या दुकानाच्या पिशवीत एक्स-रे, कन्नड चिठ्ठी, मराठी डिस्चार्ज कार्ड कोंबलेलं. त्यातला एक कागद त्या नंबराला जोडलेला असेल तर शपथ!

आकडेमोड: पिशव्या बघून धोरण ठरत नाही, साहेब. जात, शिक्षण, घरातली चीजवस्तू हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ पासून येतंय. २०१५-१६ पासून जिल्हावार आकडेही मिळतात. पण जिल्ह्याच्या खाली काय? बेळगाव शहरातली टिळकवाडी आणि कणकुंबीची जंगलातली वाडी एकाच सरासरीत. ती फोडायची तर दवाखान्यातल्याच नोंदी लागणार. आणि क्षयरोगाच्या ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर पेशंट राज्य बदलून गेला तरी आयडी तोच राहतो. जमतंय की!

जांबोटीकर: निक्षय चालतं कारण मागं माणूस लागलेला असतो, गोळी घेतली का विचारणारा. आमच्या वहिनीचं बाळंतपण गोव्यात झालं. ताई कार्डावर, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या कार्डावर, तपासण्या आहेत, पुढचं पान कोरं. शेवटी आशाताईनं फोन करून विचारलं, ‘डिलिव्हरी कुठं झाली वो?’ पावसाळ्यात रेंज मिळाली म्हणून तेवढं तरी कळलं.

सीमाभागी: आणि कार्ड कन्नडमध्ये! संमतीचा मजकूर वाचता येत नाही, अंगठा मात्र द्या. २०२३ ला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना दिली तर बेंगळूरहून केवढा गहजब झाला!

आकडेमोड: झालं! मधुमेहावर बोला, ८६५ वर येतील.

सीमाभागी: तुमच्या आईला न कळणाऱ्या कागदावर अंगठा घेतला असता तर बोलला असता का असं?

आकडेमोड: आईला मधे आणू नका. ती कन्नड शाळेत शिकली, दोन्ही भाषा वाचते.

जांबोटीकर: भाषेचं सोडा म्हणत नाही, पण दोघंही बेळगावात बसून भांडताय. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर नसतो, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

सिस्टरबाई: मी रजिस्टर भरते. तीच बाई, तेच वजन, तेच हिमोग्लोबिन आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर, मग अजून एका अ‍ॅपवर. विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांनी एक दिवस आमच्या शेजारी बसावं. आणि सीमाभागी, मामीचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकी तपासून घ्या. ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आकडेमोड: बरं बाबा, मान्य, आभात जात-मिळकत नाही. उद्या घातली तर पहिले तुम्हीच बोंब माराल, ‘सरकार जात विचारतंय, माहिती विकणार!’

सीमाभागी: मारणारच. वैयक्तिक माहिती जपायचा डेटा कायदा २०२३ ला झाला म्हणून काय, मामीला तो कुणी सांगितलाय? आणि तुमचे दर काढायला भाजक, म्हणजे लोकसंख्येचा आकडा, कुठला? अजून २०११ च्या जनगणनेचाच ना?

आकडेमोड: अंदाजित लोकसंख्या वापरतात.

सीमाभागी: अंदाजच करायचा होता तर एवढे नंबर कशाला वाटले हो?