गावभागातलं जुनं घर, भिंतीला ओल. आतून वॉटरप्रूफिंग करावं का?

गावभागकर: सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. विटांच्या जाड भिंती, वरून नंतर केलेला सिमेंटचा गिलावा. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा माजघरात छातीएवढं पाणी होतं. आता त्या भिंतीला खालून तीनेक फूट ओल असते. रंगाला फुगे येतात, बोटानं दाबलं की पांढरी पूड सांडते. भिंतीतल्या कपाटात काळी बुरशी, आईच्या पातळांना कुबट वास. रंगारी म्हणतो आतून वॉटरप्रूफ कोट मारून ऑइलपेंट देऊ. करू का?

मिरजेची काकू: पातळं आधी बाहेर काढून उन्हात टाका. बाकीचं जाणकार सांगतील.

निवृत्त ओव्हरसिअर: दादा, पैसे खिशातच ठेवा. ती पूड म्हणजे लोणा. इतक्या वर्षांत पुराचं पाणी भिंतीत राहत नाही, हे जमिनीतनं चढतंय. जुन्या जोत्यात डीपीसी, म्हणजे खालची ओल अडवणारा थर, नसते, विटा वातीसारखं पाणी ओढतात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि गिलावा फोडतात. आतनं कोट मारलात तर ओल थांबायची नाही, कोटाच्या वर जाऊन फुटेल.

भिंतीच्या मागं काय आहे ते बघा. मोरी गळते का? बोळातलं काँक्रीट वाढत वाढत जोत्याच्या वर आलंय का? ते मिटल्यावर ओलीच्या वर फूटभरापर्यंत सिमेंटचा गिलावा काढा. उन्हाळाभर विटा उघड्या ठेवा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. धुतलात तर क्षार विरघळून परत आत. मग चुन्याचा गिलावा आणि वर सफेदी. चुन्यातनं ओल उडून जाते, सिमेंट आणि ऑइलपेंट ती कोंडतात. गवंडी कुरकुर करेल, चुन्याला वेळ लागतो म्हणून.

गावभागकर: मागं बोळच आहे. शेजाऱ्यांच्या पत्र्याची पागोळी थेट आमच्या भिंतीशी पडते. पण कपाटातली बुरशीही त्यामुळंच का?

निवृत्त ओव्हरसिअर: भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या अंगाला आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या अंगाला आले तर हवा कोंडतीय, कपाटाच्या दाराला जाळी बसवा. बुरशी कोरडी खरवडू नका, उडून नाकात जाते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसा आणि पंखा लावून वाळवा.

आणि पन्हळ तुमच्या खर्चानं बसवा. शेजाऱ्यांशी वाद घालत बसलात तर दोन पावसाळे त्यातच जातील.