गर्भाशयमुखाची तपासणी परत किती वर्षांनी करायची? (सोलापूर, मदत हवी आहे)

प्रश्न शेजारच्या अक्कांसाठी आहे. वय ४६, घरी विड्या वळतात. २०१९ मध्ये वस्तीत शिबिर झालं, तेव्हा त्यांची कॅन्सरची तपासणी झाली होती. ती चिठ्ठी त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवलीय. निळ्या पेनने 'व्हीआयए निगेटिव्ह' (म्हणजे औषध लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी, त्यात काही सापडलं नाही), बस्स. पुढची तारीख नाही, कुठे यायचं तेही नाही. "पुढच्या वर्षी येतो" म्हणालेले शिबिरवाले पुन्हा फिरकले नाहीत. (मध्ये कोरोना आला हे मान्य, पण तो जाऊनही किती दिवस झाले!)

मी तिघींना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. दरवर्षी, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी. अक्कांचा हिशेब सरळ आहे: "एक दिवस गेला की हजार विड्या गेल्या. नक्की कधी ते सांग, जाते." दरवर्षी म्हटलं तर त्या एकदाही जाणार नाहीत. त्यांच्या जाऊबाई याच कॅन्सरने गेल्या. अंगावरून जात होतं, तेही वर्षभर अंगावरच काढलं.

तर नेमकं किती वर्षांनी? एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर ज्याने होतो त्या विषाणूची) जास्त चांगली म्हणतात, ती एकदा केली की भागतं का? खासगी लॅबचा दर ऐकून मी फोन ठेवला.

प्रतिसाद १
मी नर्स होते, आता निवृत्त. सरकारचं २०१६ पासूनचं धोरण म्हणजे ३० ते ६५ वयात व्हीआयए, दर पाच वर्षांनी. अक्कांची वेळ केव्हाच उलटलीय. दरवर्षीची गरज नाही. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एचपीव्ही चाचणी एकदाच केली तर मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणून एचपीव्ही कुठे मोफत मिळाली तर सोडू नका. ती निगेटिव्ह आली की जागतिक आरोग्य संघटना पुढची ५ ते १० वर्षांनी करा म्हणते.

व्हीआयए मात्र पाळी जायच्या आत उरका. त्यात पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते बघतात. पाळी गेली की तो भाग आत सरकतो, नीट दिसत नाही. आणि मध्येच किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर शिबिराची वाट बघायची नाही, थेट सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीत.

आधी आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात तपासणी कोणत्या वारी असते ते. नाहीतर हेलपाटा.

प्रतिसाद २
दोन वर्षं की पाच, यावर आपण बोलतोय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीसुद्धा ही तपासणी आयुष्यात कधी झालेली नव्हती. अक्का एकदा तरी गेल्या होत्या, त्यांना माझा नमस्कार सांगा.

धागाकर्ती
सांगितला, हसल्या. सोमवारी माल द्यायचा असतो, मंगळवारी जाऊ म्हणाल्या. आशाताईंना विचारून ठेवते. धाकट्या बहिणीलाही नेणार आहेत. आता त्यांचा एकच प्रश्न: जुनी चिठ्ठी सोबत न्यायची का?